दुसऱ्याच्या जागेवर

शाळेतल्या पालकसभेला माझे वडील एकदाच गेले नाहीत, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांनी सगळ्यांत जास्त ओरडा खाल्ला. म्हणजे खाल्ला बदलीमामांनी, वडिलांच्या वतीने. बाईंनी माझ्या गणिताबद्दल जे काही सुनावलं ते मामांनी हात जोडून, मान खाली घालून ऐकून घेतलं. तुम्ही घरी मुलीकडे लक्ष देत नाही का, असं बाईंनी विचारल्यावर, नाही देत, असं सरळ कबूल करून टाकलं. घरी येऊन तो सगळा ओरडा त्यांनी शब्दाला शब्द वडिलांना पोचता केला, बाईंच्या उसाशांसकट. वर म्हणाले, "मान मी घातलीय खाली. तुम्ही परत घालायची गरज नाय."

मामा आमचे कोणी लागत नव्हते. आमच्या लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांच्या गावच्या मंडळाची खोली होती. कोकणातल्या एकेका गावाने मुंबईत अशी एक खोली धरलेली असायची. गावातला जो कोणी गिरणीत कामाला येईल त्याने तिथे आपली पेटी ठेवायची, वळकटी टाकायची आणि आपली पाळी नसेल तेव्हा झोपायचं. मामा आले तेव्हा त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणतात. मी पाहिलं तेव्हा मामा एकटेच उरले होते, पण वळकटी अजूनही भिंतीकडेच, आपल्या वाटणीच्या वीतभर जागेतच पसरायचे. बाकीची खोली मोकळी. मी एकदा विचारलंही की मधोमध का नाही झोपत? तर म्हणाले, ती जागा दुसऱ्यांची आहे.

बदली हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. तोही खरं तर हुद्दा नव्हेच. गिरणीत बदलीवाला म्हणजे कायम न झालेला कामगार. त्याने पाळी सुरू व्हायच्या आधी दरवाजाशी येऊन उभं राहायचं. आत कोणी गैरहजर असेल तर मुकादम बोट करून बोलावणार, आणि त्या दिवसापुरती त्या गैरहजर माणसाची जागा तुमची. सगळे हजर असले तर मुकादम बाहेर येऊन एवढंच म्हणणार, "आज बदली नको." की आल्या पावली घरी जायचं. चार-दोन वर्षं असं ताटकळल्यावर बहुतेकांची कुठेतरी जागा लागायची आणि ते कायम व्हायचे. मामा गिरणी बंद पडेपर्यंत बदलीच राहिले. का राहिले ते कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. मला मात्र वाटायचं. मी जन्मजात भोचक. दुसऱ्याच्या डब्यात काय आहे हे बघितल्याशिवाय मला माझा डबा गोड लागत नसे. त्यामुळे मामा हे माझं आयुष्यभराचं कोडं होऊन बसले.

गिरणी गेली तरी मामांची बदली काही सुटली नाही. सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला ते चाळीच्या चौकात उभे राहायचे आणि वर बघून विचारायचे, "आज कोण गैरहजर?" मग कोणाला तरी रॉकेलच्या रांगेत माणूस हवा असायचा, कोणाला माटुंग्याच्या लग्नात हजेरी लावायची असायची पण कंटाळा आलेला असायचा. मामा निघायचे. लग्नात जाऊन ते त्या माणसासारखेच वागायचे. आमच्या शेजारचे गृहस्थ जेवताना नावं ठेवण्याबद्दल प्रसिद्ध होते, तर त्यांच्या वतीने गेलेल्या मामांनी पंगतीत जिलेबीला नावं ठेवली. एका म्हाताऱ्याच्या वतीने ते शिवाजी पार्कात हास्यक्लबला जाऊन महिनाभर हसले. एकीने तर त्यांना सासूशी भांडायला फणसवाडीला पाठवलं होतं. मामा गेले, दारात उभं राहून सगळे मुद्दे मांडले, सासूचं उत्तर ऐकून घेतलं आणि सासूचा मुद्दा बरोबर आहे असं परत येऊन सांगितलं. त्यानंतर भांडणाची कामं त्यांना मिळणं बंद झालं.

ह्या सगळ्याचं ते काही घेत नसत. चहा मात्र घ्यायचे, तोही उभ्याने. खुर्ची दिली तर टोकावर टेकायचे, जणू खुर्चीचा खरा मालक आता येईलच. खोलीच्या दारावर त्यांच्या नावाची पाटीही नव्हती. गिरण्यांच्या संपाबद्दल कोणी बोलायला लागलं की आमच्याकडची माणसं एक तर चिडायची नाही तर रडायची. मामा विचारात पडायचे. म्हणायचे, सगळेच गैरहजर, मग बदली कोणाची करायची?

गिरणीची माहितीही त्यांची अशीच, बदलीवाल्याची. एका खात्यात जन्म काढलेल्या माणसाला त्या खात्याचं सगळं ठाऊक असतं. मामा सगळ्या खात्यांतले पाहुणे. कापसाचे गठ्ठे कुठल्या गोदीतून येतात, ते फोडणाऱ्या माणसाच्या भुवया पांढऱ्या कशा होतात, रंगखात्यातल्या कामगाराची नखं सणाला कुठल्या रंगाची असतात, तयार ताग्यांच्या गाड्या काळबादेवीला कुठल्या गल्लीतून शिरतात, असलं सगळं थोडं थोडं त्यांना येत होतं. त्यातलं अर्धं बरोबर असायचं. पुढे मी गिरण्यांवर थोडंफार वाचलं तेव्हा लक्षात आलं की मामांनी दोन वेगवेगळ्या यंत्रांची एकमेकांत पार गल्लत केली होती आणि कुठलंसं खातं तर चक्क चुकीच्या मजल्यावर सांगितलं होतं. मी ते त्यांना दाखवलं. मामा म्हणाले, असेल, मी तिथे फारसा नव्हतो.

एकाच खात्याबद्दल ते बोलायचे नाहीत. साचेखातं, म्हणजे जिथे माग चालायचे ते. आमच्याकडे मागाला साचा म्हणतात. तिथेच त्यांनी सर्वांत जास्त बदल्या भरल्या होत्या हे मला माझ्या वडिलांकडून कळलं होतं.

आता त्यांची मुख्य विक्षिप्त गोष्ट सांगते. मामा कोणालाही, कधीही, तब्येत कशी आहे असं विचारायचे नाहीत.

मुंबईतला मराठी माणूस दुसरं काही बोलेल न बोलेल, हा प्रश्न विचारतोच. उत्तर ऐकायला थांबत नाही ती गोष्ट वेगळी. मामा एक तर भलतंच काही बोलायचे, नाहीतर सरळ समोरच्याच्या कपाळाला उलटा हात लावायचे. चाळीत सगळ्यांना सवय होती. पण ते बँकेतल्या साहेबाच्याही कपाळाला हात लावायचे, बसच्या कंडक्टरच्याही. त्यापायी एकदा एका पोलिसाने त्यांना बाजूला घेतलं होतं. करोनाच्या दिवसांत मॉलच्या दारातला वॉचमन येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर ते पिस्तुलासारखं यंत्र धरायला लागला तेव्हा मामांना फार आनंद झाला. काही घ्यायचं नसताना ते तिथे जाऊन रांगेत उभे राहायचे. मला म्हणाले, "बघ, आता आली लोकांना अक्कल. विचारत बसत नाय कोण."

ह्या हात लावण्यातही एक गोम होती, आणि ती पकडायला मला कित्येक वर्षं लागली. कुठे जायचा कंटाळा आला की चाळीतली माणसं मामांना सांगायची, बरं वाटत नाही, तुम्ही जाल का? मामा कपाळाला हात लावायचे. ताप खोटा निघाला की गालात हसायचे आणि खुशाल जायचे. ताप खरा निघाला तर मात्र जागचे हलायचे नाहीत. माझ्या वडिलांना एकदा मलेरिया झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं कोर्टात काही काम होतं, तिकडे तारीख मागायला कोणीतरी जाणं फार गरजेचं होतं. आई हातापाया पडली. मामा उंबऱ्यावर बसून राहिले. म्हणाले, आधी डॉक्टर, मग बदली. डॉक्टर येऊन, तपासून, सुई टोचून गेला तेव्हाच उठले. जगाची रीत उलटी असते. माणूस खरा आजारी असेल तर त्याच्यासाठी धावायचं, सोंग करत असेल तर त्याला झापायचं. मामा सोंगाड्यांसाठी उन्हातान्हात फिरायचे आणि आजाऱ्याचं काम अडवून बसायचे. हे काय गौडबंगाल आहे असं मी आईला विचारलं. आई म्हणाली, तुला अभ्यास नाही का?

ह्यात आणखी एक पोटकोडं होतं. ते म्हणजे खानावळवाली काकी.

काकी तळमजल्यावर राहायची. मामांच्याच गावची. तिचे यजमान साचेखात्यात होते, ते फार तरुणपणी गेले. मूलबाळ नव्हतं. तिने गिरणीवाल्यांसाठी खानावळ सुरू केली आणि दोन्ही वेळचे बांगडे तळत उभा जन्म काढला. गिरण्या गेल्यावर खानावळ आटली, पण मोडली नाही. आता ती गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत डबे पाठवायची. मामा पहिल्या दिवसापासून तिच्याकडे जेवायचे. तिचं मासळीचं ओझं वाहायचे, तिच्या गॅससाठी उभे राहायचे. तिचा पाय मोडला तेव्हा हाडवैद्य ह्यांनीच आणला. पण तब्येत कशी, हे तिलाही कधी विचारलं नाही. आणि तिच्या कपाळाला हातही लावायचे नाहीत. ती त्यांची वैनी. वैनीला हात कसा लावणार? मग ते माझ्या आईला पाठवायचे. जा जरा, खालच्या वैनीच्या कपाळाला हात लावून ये. आई गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. सगळ्या चाळीची बदली करणाऱ्या माणसाने आपल्या आयुष्यात एवढीच एक बदली वापरली.

काकीला ह्याचा राग होता. ती मला म्हणायची, हा मेला स्वतः येत नाही, तुला पाठवतो.

मला नोकरी लागली ती नेमकी त्या काचेच्या इमारतींपैकी एकीत. चाळीतल्या लोकांनी पेढे खाल्ले, पण खरा आनंद झाला मामांना. "म्हणजे गिरणीत लागलीस," ते म्हणाले. मी म्हटलं, मामा, तिथे विम्याचं काम चालतं. ते म्हणाले, ठीक, पण कुठल्या खात्यात? मग एका रविवारी मी त्यांना आवार दाखवायला घेऊन गेले. चिमणी तेवढी ठेवली होती, तिला दिवे लावले होते. खाली मॉल होता. मामांनी मला सरकत्या जिन्याने नेलं नाही, कुठूनतरी मागून नेलं, कारण कामगारांचा दरवाजा तिकडे होता. बुटांच्या दुकानापाशी म्हणाले, इथे कापूस फुटायचा. सिनेमाच्या तिकिटांपाशी म्हणाले, इथे सूत निघायचं. दोन पोरी फोटो काढत होत्या, त्यांना म्हणाले, जरा सरका, पट्टा चालू आहे. मी लाजेने अर्धी झाले आणि कुतूहलाने दुप्पट.

मग आम्ही खाण्याच्या दुकानांच्या मजल्यावर आलो. मामा आइस्क्रीमच्या गाड्याशेजारी एका कोपऱ्यात थांबले आणि चपला काढून हातात घेतल्या. वॉचमन धावत आला. साहेब, चप्पल घाला, लादीवर पाणी सांडलंय, घसराल. मामा म्हणाले, "दुसऱ्याची जागा आहे रे. चपला घालून कसा जाऊ?" मी विचारलं, कोणाची जागा? त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या स्वभावाला धरून ते नव्हतं, पण त्यांचा चेहरा बघून धीर झाला नाही.

करोनाची लाट ओसरली त्यानंतरची गोष्ट. मामा जेवून हात धुऊन माझ्याकडे आले. म्हणाले, आज आमटीत मीठ नव्हतं, जाऊन वैनीच्या कपाळाला हात लाव. मी म्हटलं, मीठ कोणीही विसरतं. ते म्हणाले, वैनी विसरत नाही. मी खाली गेले. काकीला विचारलं, कशी आहेस? बरी आहे, काकी म्हणाली. सकाळपासून चाळीतल्या सगळ्यांनी विचारलं होतं, सगळ्यांना तिने बरी आहे सांगितलं होतं, आणि सगळे समाधानाने निघून गेले होते. मी हात लावला. कपाळ गार होतं, पण घामाने भिजलेलं. भिंतीला धरून उभी होती. मी सांगायला वर आले तर मामा टॅक्सी आणायला गेलेसुद्धा होते.

परळच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. हृदयाचं काम होतं. ऑपरेशन करायचं ठरलं, आणि ह्या वयात काहीही होऊ शकतं हे डॉक्टरांनी तिच्यादेखतच सांगितलं. मामा रोज सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला यायचे, वॉर्डाबाहेरच्या बाकावर टोकाला बसायचे, औषधं आणायचे, आणि खाट दिसेल एवढ्या अंतरावरून बघून जायचे. आत यायचे नाहीत.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी काकीच्या केसांच्या दोन वेण्या घालत होते. तिथे तसं सांगतात. काकी म्हणाली, सगळ्या जगाने विचारलं, हा एक सोडून. मी म्हटलं, काकी, ते कोणालाच विचारत नाहीत. ती म्हणाली, बाकीच्यांचं मला माहीत नाही, मला का विचारत नाही ते मला माहीत आहे. आणि मग तिने तिच्या यजमानांचा शेवटचा दिवस सांगितला, मी न विचारता. तो दिवाळीच्या आधीचा होता. सकाळी नवऱ्याने सांगितलं, आज जात नाही, बरं नाही. तिला वाटलं, सोंग. तो अधूनमधून असं सोंग करायचा. सणाच्या तोंडावर खाडा करतो म्हणून तिने त्याला नाही नाही ते ऐकवलं, हंडा आपटला आणि माझगावला बहिणीकडे निघून गेली. दुपारी परत आली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"मी घरात होतंय," काकी म्हणाली. "बायको होतंय. तरी माका कळला नाय. तेचोच राग आसा ह्याच्या मनात. म्हणून माका विचारणा नाय. आता मी जातंय, तरी विचारूचो नाय."

तिला ऑपरेशनची भीती नव्हती. ह्याची होती. हे मनात धरूनच आपण जाणार, ह्याची. मी वेणी घालायची विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी बाकावर मामांच्या शेजारी जाऊन बसले आणि आयुष्यभर न विचारलेलं विचारलं. काकीचे यजमान तुमचे कोण? मामांनी आधी चपलांकडे बघितलं. मग सांगायला लागले, आणि मी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

काकांनीच मामांना गावाहून आणलं होतं. मुकादमाला सांगून ठेवलं होतं, मी नसेन तेव्हा माझ्या साच्यांवर ह्या पोराला घ्या. मग मामा रोज सकाळी चाळीच्या नळावर काकांना विचारायचे, तब्येत कशी? आणि सगळा नळ हसायचा, कारण प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. काका म्हणायचे, माझी विचारतोस की साच्यांची? बरी आहे म्हटलं की मामांनी दरवाजाशी जाऊन नशीब बघायचं. पण बरेच दिवस मामा रिकाम्या हाताने परत आले असले की काका खोकल्याचं सोंग करायचे. बरी नाही रे, तू जा. आणि डोळा मारायचे. मामा त्यांच्या जागेवर भरायचे, आणि काका घरी बायकोच्या शिव्या खात पत्ते खेळायचे. गिरणगावात दोन मित्रांत अशी देवाणघेवाण चालायची. कोणाच्या आजारपणावर कोणाची चूल पेटायची, तर हे आजारपण निदान प्रेमाचं होतं.

दिवाळीच्या आधी कोणी खाडा करत नाही. बदलीवाल्यांचे हाल होतात. मामा कित्येक दिवस दरवाजावरून परतत होते. त्या सकाळी त्यांनी नळावर विचारलं, तब्येत कशी? काका म्हणाले, बरी नाही रे, आज तू जा. छातीवर हात ठेवून म्हणाले.

"मी विचारलंय," मामा मला म्हणाले. "तेनी खरां सांगितल्यान. आणि मी हसलंय."

नुसते हसले नाहीत, पाठीवर थाप मारली, काय नाटक वठवलंस म्हणाले आणि धावत सुटले. साचे त्या दिवशी लोण्यासारखे चालले. पाळी सुटल्यावर केसांत कापूस तसाच घेऊन चाळीत आले तर दारात माणसं होती. तेरावं झाल्यावर मुकादमाने निरोप पाठवला, त्याच्या जागेवर तू कायम. मामा गेले नाहीत. पुन्हा दरवाजाशी उभे राहिले. मुकादमाला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. त्यानंतर साचेखात्यात कितीदा तरी त्यांना काकांच्याच साच्यांवर पाठवलं गेलं, पण एका दिवसापुरतं. "मी कायम झालंय," मामा म्हणाले, "तर तो कायमचो गैरहजर झालो."

आता मला ते सोंगाड्यांवरचं प्रेम कळलं, आजाऱ्याच्या उंबऱ्यावर बसणं कळलं, हात का लावायचे ते कळलं, मॉलच्या कोपऱ्यात कोणाच्या साच्यांपाशी चपला काढल्या ते कळलं. कोडं सुटलं की मला एरवी आनंद होतो. त्या बाकावर मला नुसतं रडू येत होतं. कारण एकाच गोष्टीचे दोन तुकडे दोघांनी इतकी वर्षं आपापल्या पेटीत ठेवले होते. एक वर ठेवत होता, एक खाली, आणि मधल्या जिन्यावरून आधी माझी आई आणि मग मी नुसता हात घेऊन जा-ये करत होतो.

मी मामांना काकीचं सांगितलं. तुम्ही तिच्यावर रागावला आहात असं तिला वाटतं. मामांना ते आधी समजलंच नाही. "मी? तिच्यावर?" एवढंच दोनदा म्हणाले. ती आपल्यावर रागावलेली असणार असं धरून ते इतकी वर्षं तिच्या पंगतीत खाली मान घालून जेवत होते. मग घाईने उठले, पुन्हा बसले, आणि मला म्हणाले, "तू जा. आता नेतीलच तिका. विचारून ये, तब्येत कशी आसा."

मी म्हटलं, "मामा, ह्या कामाला बदली चालत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की क्षणभर मला माझाच राग आला. पण मी उठले नाही. मामांनी वॉर्डाच्या दाराशी चपला काढल्या. आत गेले. मी मागोमाग गेले, दारातच थांबले. काकी हिरव्या कपड्यांत, हातात बांगड्या नाहीत, दोन वेण्या, अगदी लहान दिसत होती. तिला न्यायला माणूस येऊन उभा होता. मामा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. खाटेची कड दोन्ही हातांनी धरली. न्यायला आलेला माणूस म्हणाला, चला आजोबा, बाजूला व्हा.

"वैनी," मामा म्हणाले, "तब्येत कशी आसा?"

सकाळपासून नर्सला, डॉक्टरांना, मला, सगळ्यांना तिने बरी आहे म्हणून सांगितलं होतं.

"बरी नाय," ती म्हणाली. "खरांच बरी नाय."

मामा हसले नाहीत. "माका कळला," ते म्हणाले, आणि खाट ढकलत नेली तेव्हा तिच्या बाजूने अनवाणी चालत गेले, जिथपर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत.

आज मामा नाहीत. गेल्या वर्षी गेले, आपल्या वीतभर जागेत, झोपेत. मंडळाच्या खोलीत अजून त्यांची पेटी आहे आणि चाळीतल्या एकाही माणसाला ती हलवायचं सुचत नाही. काकी आहे. डबे कमी केलेत, आमटीत मीठ बरोबर असतं. माझ्या ऑफिसात कोणी रजेवर असलं की मी उगाच त्याच्या खुर्चीकडे बघते आणि आज कोण गैरहजर असं विचारते. बाकीच्यांना वाटतं ही भोचक आहे. ते खरंच आहे.

पण मला मामा आठवतात ते त्या ऑपरेशननंतरच्या एका सकाळचे. काकीला अतिदक्षता विभागातून परत वॉर्डात आणलं होतं. मी तिच्याजवळ होते. पहिल्या पाळीच्या वेळेला मामा आले, काखेत चटई, हातात पेजेचा डबा, दिवसभर बसायच्या तयारीने. ह्या वेळी बाकावर टेकले नाहीत. दारातूनच, साच्यांच्या खडखडाटावर आवाज काढावा तसे ओरडले, "वैनी, तब्येत कशी आसा?" सगळा वॉर्ड जागा झाला. नर्स धावली.

काकीच्या नाकात नळी होती. तिने मान वळवली, आणि मुकादम करायचा तसं मामांकडे बोट केलं.

"हजर आसंय," ती म्हणाली. "आज बदली नको."

उमेदीची सगळी वर्षं ते शब्द ऐकून मामा गिरणीच्या दरवाजावरून मान खाली घालून परतले होते. त्यांनी पेजेचा डबा माझ्या हातात दिला, चटई काखेत घट्ट धरली, आणि हसत हसत आल्या पावली घरी गेले.